पुराचे मेसेज चाळायला कुठली भाषा? स्क्रिप्टिंगची भाषा निवडण्याआधी करून बघायच्या गोष्टी

सांगलीच्या गावभागात राहणाऱ्या माणसाला पावसाळ्यात दोन आकडे पाठ असतात. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळची इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट. मला तिसरा आकडा हवा होता. आमच्या बोळाच्या तोंडाशी पाणी लागतं तेव्हा पुलाजवळ किती असतं? २०१९ आणि २०२१, दोन्ही पुरांत गल्लीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणी ना कुणी सारखी पातळी टाकत होतं. मधूनच ‘कोपऱ्यावरच्या दुकानाच्या पहिल्या पायरीला लागलं’ असेही मेसेज येत होते. म्हणजे उत्तर ग्रुपमध्येच होतं, फक्त सुप्रभात, वाढदिवस आणि हरवलेल्या किल्ल्यांच्या ढिगाखाली.

तुमचं काम वेगळं असेल. तासगावच्या बेदाणा सौद्यांचे दर, आजोबांची टाइप करून घेतलेली रोजनिशी, भजनी मंडळाच्या वहीतल्या पदांची सूची, काहीही. पण मजकूर मराठी असेल आणि तो चाळायला छोटी स्क्रिप्ट, म्हणजे संगणकाला द्यायच्या सूचनांची फाइल, लिहायची असेल, तर पहिला प्रश्न हाच येतो: कुठल्या भाषेत?

माझा भाचा इंजिनिअरिंगला आहे. त्याचं उत्तर तयार होतं. “मामा, पायथन घे की. विषय संपला.” विषय संपला नव्हता. मी पूर्वी पर्लमध्ये थोडंफार काम केलेलं होतं, आणि सवयीची भाषा सोडायला माणूस सहजी तयार होत नाही. म्हणून पायथन, पर्ल, रुबी, ऑक आणि जावास्क्रिप्ट अशा पाच भाषा समोर ठेवून प्रत्येकीला तोच मराठी मजकूर खायला घातला. त्यातून कळलेलं पुढे क्रमाने लिहितोय. कमांडची आणि फंक्शनची नावं इथे देवनागरीत आहेत, टाइप करताना अर्थातच रोमन.

आधी मजकूर बघा, भाषा नंतर

ग्रुप उघडून ‘एक्स्पोर्ट चॅट’ मध्ये मीडियाशिवाय असा पर्याय घेतला की एक टेक्स्ट फाइल मिळते. तिची एक प्रत ‘मूळ’ या फोल्डरमध्ये टाका आणि तिला पुन्हा हात लावू नका. दुसऱ्या प्रतीतून पन्नास ओळी काढा. सलग पन्नास नकोत, वेगवेगळ्या दिवसांच्या आणि वेगवेगळ्या माणसांच्या घ्या. या ओळी चहा घेत निवांत वाचा. अर्धा निर्णय इथेच होतो.

माझ्या पन्नास ओळींत पातळी लिहिण्याच्या या तऱ्हा निघाल्या: ‘३८ फूट ६ इंच’, ‘38 फुट 6 इंच’, ‘३८.६ फूट’, ‘३८ फू. ६ इं.’ आणि एका काकांचं ‘साडेअडतीस’. काहींनी पुढे कंसात ‘धोका पातळी ४५’ हेही जोडलेलं. ओळीतला पहिला दिसेल तो आकडा उचलणारी स्क्रिप्ट लिहिली असती तर कृष्णामाई दर दोन मेसेजांनी धोक्याच्या पातळीवर गेली असती.

‘३८.६’ हे लिखाण सगळ्यात फसवं. लिहिणाऱ्याच्या मनात ते अडतीस फूट सहा इंच असतं, संगणकाला मात्र ते दशांश वाटतं. तासाभराने ‘३८.९’ येतं, मग ‘३८.१०’ येतं, आणि संगणक म्हणतो पाणी उतरलं! कारण त्याच्या लेखी ३८.१० म्हणजे ३८.१. म्हणून टिंबाच्या अलीकडचं फूट आणि पलीकडचं इंच असं तोडून घ्यायचं आणि सगळं इंचात साठवायचं. ३८ फूट ९ इंच म्हणजे ४६५, ३८ फूट १० इंच म्हणजे ४६६. धोका पातळी ५४०. ही चूक कुठलीही भाषा तुमच्यासाठी पकडणार नाही, ती पन्नास ओळी वाचूनच सापडते.

आणखी एक गोष्ट आत्ताच तपासा. मजकूर डीटीपीवाल्याकडून आला असेल तर तो युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक चिन्हाला जगभर एकच क्रमांक देणाऱ्या पद्धतीत, आहे का? श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेली फाइल तो फॉन्ट असला तरच मराठी दिसते. फॉन्ट बदलला की रोमन अक्षरांचा कचरा. असा मजकूर आधी युनिकोडमध्ये बदलून घ्या. त्याआधी भाषा निवडण्यात अर्थ नाही.

हे काम किती वेळा करणार?

एकदाच करायचं असेल आणि ओळी दोन-तीनशे असतील, तर स्क्रिप्ट लिहू नका. एडिटरमध्ये शोधा-बदला वापरून, थोडं हातानं करून मोकळे व्हा. हे मी मनापासून सांगतो, कारण एका संध्याकाळच्या कामासाठी तीन रविवार घालवलेले मला आठवतात.

रोज करायचं असेल तर कुठलीही भाषा चालते, कारण रोजच्या वापराने ती तोंडात बसते. अडचण आहे ती वर्षातून एकदा लागणाऱ्या कामाची. माझं तसंच आहे. जूनमध्ये स्क्रिप्ट बाहेर काढायची, ऑक्टोबरमध्ये ठेवून द्यायची. २०१९ च्या पुरानंतर मी पर्लमध्ये एका ओळीचा असाच एक चमत्कार लिहिला होता. तेव्हा स्वतःवर खूश होतो. २०२१ च्या जुलैमध्ये तो उघडला तर डॉलर, तिरक्या रेघा आणि कंसांच्या त्या रांगोळीतलं मला अक्षर लागेना. बाहेर पाणी चढत होतं आणि मी स्वतःचंच हस्ताक्षर लावत बसलो होतो. तेव्हापासून माझा पहिला निकष ठरला: पुढच्या पावसाळ्यात, झोप न झालेल्या अवस्थेत, मला स्वतःला वाचता आली पाहिजे.

दुसरा निकष शेजारचा. अडलं तर विचारायला कोण आहे? पायथन आता सीबीएसईच्या अकरावी-बारावीच्या कॉम्प्युटर सायन्सलाही आहे, त्यामुळे वाड्यात, सोसायटीत कुणी ना कुणी सापडतंच. पर्ल जाणणारा माणूस शोधायला मला थेट पुण्याला फोन लावावा लागतो.

वेगाचा विचार करू नका. गल्लीच्या ग्रुपची सगळ्या वर्षांची फाइल काही एमबींची असते. तेवढी यातली कुठलीही भाषा डोळ्याचं पातं लवायच्या आसपास वाचून काढते.

मराठीच्या चार परीक्षा

भाषांची तुलना करणारे बहुतेक लेख इंग्रजी मजकूर धरून लिहिलेले असतात. त्यांचे निष्कर्ष आपल्याला जसेच्या तसे लागू होत नाहीत. खालच्या परीक्षा प्रत्येक भाषेत पाच मिनिटांत घेता येतात.

पहिली परीक्षा लांबीची. ‘सांगली’ या शब्दाची लांबी विचारा. आपल्याला अक्षरं तीन दिसतात: सां, ग, ली. युनिकोडच्या हिशोबाने ती सहा चिन्हं आहेत: स, काना, अनुस्वार, ग, ल, दीर्घ वेलांटी. आणि यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे युनिकोड फाइलीत साठवायच्या नेहमीच्या पद्धतीत, देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट, म्हणजे साठवणीचे तीन कप्पे, घेतं, म्हणून फाइलमध्ये १८ बाइट. पायथन ३ आणि रुबी ६ सांगतात. पर्लला आधी ‘यूज यूटीएफ-८’ सांगितलं तर ६, विसरलात तर १८. ऑकची, म्हणजे ओळी आणि स्तंभ चाळायच्या जुन्या छोट्या भाषेची, गंमत वेगळीच आहे. उबुंटू लिनक्सवर सहसा जी ऑक आपोआप येते ती मॉक, आणि ती बाइट मोजते, म्हणून १८. त्याच मशीनवर गॉक ही दुसरी आवृत्ती टाकून घेतली की ६. म्हणजे ‘ऑक’ नावाची कमांड तीच, पण माझ्या लॅपटॉपवर एक उत्तर आणि भाच्याच्या लॅपटॉपवर दुसरं. यात ऑकचा दोष नाही. ती १९७७ साली बेल लॅब्जमध्ये अहो, वाइनबर्गर आणि कर्निघन यांनी केली. युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ ची, यूटीएफ-८ त्याच्या पुढच्या वर्षीची. तिच्या जन्मवेळी बाइट म्हणजेच अक्षर होतं. कर्निघन यांनी स्वतः म्हातारपणी आपल्या मूळ ऑकमध्ये यूटीएफ-८ ची सोय घातली, पण ती तुमच्या मशीनवर असेलच असं धरून चालू नका.

१८ आला तर काय बिघडतं? पहिली दहा अक्षरं तोडून घ्या म्हटलं की ती भाषा दहा बाइट तोडते, चौथ्या चिन्हाच्या पोटात सुरी जाते आणि शेवटी प्रश्नचिन्हाचा चौकोन उरतो.

दुसरी परीक्षा शब्दांची, आणि इथे पायथन नापास होते. रेग्युलर एक्स्प्रेशनमध्ये, म्हणजे मजकूर शोधायच्या साच्यात, ‘शब्दातलं अक्षर’ यासाठी उलटी तिरकी रेघ आणि डब्ल्यू लिहितात. पायथनच्या अंगच्या ‘आरई’ मॉड्यूलला काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार ही शब्दातली अक्षरं वाटतच नाहीत. ‘सांगली’चे शब्द मोजायला सांगितले की ती ‘स’ आणि ‘गल’ असे दोन तुकडे हातात देते. मी शब्दांची यादी काढली तेव्हा सगळ्यात वर ‘प’ आणि ‘ण’ आले. क्षणभर वाटलं, गल्लीत कुणी बाराखडी शिकवतंय की काय! मग कळलं की ते ‘पाणी’ होतं. पर्ल ही परीक्षा सहज पास होते. तिचा कर्ता लॅरी वॉल भाषाशास्त्र शिकलेला, आणि १९८७ पासून मजकूर हेच तिचं मुख्य खाणं. रुबीत नुसतं डब्ल्यू फक्त रोमन अक्षरं ओळखतं, पण ‘वर्ड’ नावाचा कंसातला वर्ग वापरला की मराठी शब्द अखंड मिळतात. जावास्क्रिप्टचंही नुसतं डब्ल्यू रोमनपुरतंच.

पायथनमध्ये यावर दोन उपाय आहेत. ‘रेजेक्स’ नावाचं वेगळं मॉड्यूल टाकून घ्या, ते मात्रा धरून शब्द देतं. किंवा डब्ल्यूच्या जागी देवनागरीचा अख्खा पट्टा, युनिकोड क्रमांक ०९०० पासून ०९७एफ पर्यंत, चौकोनी कंसात द्या आणि त्याच्या जोडीला शून्य रुंदीचा जोडक, म्हणजे ‘ऱ्या’सारख्या जोडाक्षरात लपणारं अदृश्य चिन्ह, २००डी. मी दुसरा उपाय वापरतो, कारण काही टाकून घ्यावं लागत नाही. चॅटबॉटकडून कोड लिहून घेणाऱ्यांनी तर हे नक्की तपासावं. मागितलेल्या कोडमध्ये ते डब्ल्यू बऱ्याचदा येतंच.

तिसरी परीक्षा आकड्यांची. ‘२५०’ हा देवनागरी आकडा संख्येत बदलून त्यात एक मिळवा. पायथनचं ‘इंट’ काही न सांगता २५१ देतं. पर्ल देवनागरी आकडे शोधताना बरोबर ओळखते, पण बेरजेला बसली की त्यांना शून्य धरते, आणि उत्तर येतं १. रुबीचं ‘टू-आय’ तेच करतं, ऑकही तेच. जावास्क्रिप्ट निदान ‘ही संख्या नाही’ असं तोंडावर सांगते. गुपचूप शून्य धरणं जास्त वाईट, कारण स्क्रिप्ट थांबत नाही आणि तक्ता भरलेला दिसतो. माझ्या पर्लच्या जुन्या तक्त्यात काही ओळींत नदी कोरडी ठणठणीत होती, ती का ते दोन वर्षांनी समजलं. या भाषा वापरायच्याच असतील तर आधी आकडे रोमन करून घ्या. त्यासाठी ‘टीआर’ ही अक्षरं बदलणारी कमांड वापरू नका. लिनक्सवरची जीएनयू टीआर बाइट-बाइट बदलते, आणि देवनागरीचा चुरा करते. ‘सेड’ या मजकूर बदलणाऱ्या कमांडमधली ‘वाय’ ही आज्ञा हे काम नीट करते.

चौथी परीक्षा एकाच शब्दाच्या दोन रूपांची, आणि ही सगळ्या भाषांना सारखीच अवघड. ‘इशाऱ्याची पातळी’ यातला ‘ऱ्या’ बघा. कुणाचा कीबोर्ड स्वतंत्र ‘ऱ’ घेऊन त्याला य जोडतो, कुणाचा साधा ‘र’, हलन्त आणि शून्य रुंदीचा जोडक असं करतो. पडद्यावर दोन्ही हुबेहूब. पण एका रूपाने शोधलं की दुसरं सापडत नाही. तेच ‘ॲप’चं, कारण कुणी अखंड ‘ॲ’ टाइप करतं, कुणी ‘अ’वर चंद्र ठेवतं. युनिकोडचं प्रमाणीकरण, म्हणजे एनएफसी, इथे अर्धवटच कामाला येतं: साध्या ‘र’ला नुक्ता लावला असेल तर ते त्याचा ‘ऱ’ करतं, पण जोडकवाल्या रूपाला आणि चंद्राला हात लावत नाही. ते बदल तुम्हालाच यादी करून करावे लागतात.

क्रमवारीचं थोडक्यात: यादी लावली की सगळ्या भाषा ‘पलूस, पळशी, पसरणी’ असा क्रम देतात, कारण युनिकोडमध्ये ळ हा ल च्या शेजारी बसवलाय. आपल्या वर्णमालेत तो ह च्या नंतर, म्हणून पळशी शेवटी यायला हवी. सूची छापायची असेल तरच याच्या मागे लागा.

मग मी काय निवडलं

पायथन. भाच्याला हे सांगताना जरा जड गेलं. दुसऱ्या परीक्षेत ती नापास झाली, तरी ती चूक डोळ्यांना लगेच दिसते आणि एका जागी दुरुस्त होते. आकड्यांची चूक दिसत नाही, आणि माझं सगळं काम आकड्यांचं. तुमचं काम शब्दांचं असेल, म्हणजे पदांची सूची, म्हणींचा संग्रह, रोजनिशीत कुठली नावं किती वेळा येतात असलं काही, आणि पर्ल किंवा रुबी आधीच हातात बसलेली असेल, तर बदलायचं काही कारण नाही.

पर्ल मी पूर्ण सोडलेली नाही. शंभर फाइलींत एकच शब्द बदलायचा असला तर आजही पर्लची एक ओळ. फक्त सोबत ‘सीएसडी’ आणि ‘एम-यूटीएफ-८’ हे दोन पर्याय द्यायचे, म्हणजे फाइली, पडदा आणि त्या ओळीतला मराठी शब्द, सगळीकडे ती यूटीएफ-८ धरते. ओळी शोधून देणाऱ्या ‘ग्रेप’ या कमांडला तर पर्याय नाही. कुठलीही स्क्रिप्ट लिहिण्याआधी ‘फूट’ असलेल्या ओळी किती, ‘फुट’ असलेल्या किती, हे ग्रेप अर्ध्या मिनिटात सांगते. ऑक मी वापरतो ती तक्ता स्वच्छ झाल्यावर, रोमन आकड्यांच्या स्तंभांची बेरीज किंवा कमाल काढायला. तिथे तिच्यासारखी तीच.

पायथनमध्ये पहिली स्क्रिप्ट

विंडोजवर टाकून घेताना ‘पाथ’मध्ये जोडण्याच्या चौकटीवर खूण करायला विसरू नका. लिनक्सवर ‘पायथन३’ बहुधा असतेच. लॅपटॉप नसेल तर अँड्रॉइडवर टर्मक्स या ॲपमध्येही हे सगळं चालतं, मी पुरात वीज गेल्यावर तेच केलं.

फाइल ‘ओपन’ करताना एन्कोडिंग, म्हणजे अक्षरं साठवायची पद्धत, यूटीएफ-८ असं दरवेळी लिहा. विंडोजवर न लिहिल्यास पायथन जुन्या पाश्चात्त्य एन्कोडिंगने वाचायला जाते. मग एक तर ती चूक दाखवून थांबते, नाहीतर मराठीच्या जागी टोपीवाल्या रोमन अक्षरांची माळ दिसते. तक्ता शेवटी एक्सेलमध्ये उघडायचा असेल तर लिहिताना ‘यूटीएफ-८-सिग’ द्या, म्हणजे एक्सेलला तो मराठी असल्याचं कळतं.

वाचलेल्या प्रत्येक ओळीवर पहिलं काम ‘धुण्याचं’. त्याचं एक वेगळं फंक्शन करा, मी त्याला ‘धू’ असंच नाव दिलंय. त्याच्या आत क्रम महत्त्वाचा. आधी ‘युनिकोडडेटा’ मॉड्यूलने एनएफसी. मग र-हलन्त-जोडक याचं ऱ-हलन्त, ‘अ’वर चंद्र याचं ‘ॲ’, ‘आ’वर चंद्र याचं ‘ऑ’. मग देवनागरी आकड्यांचे रोमन, कारण पुढे ऑकला तेच लागतात. मग चिकट (जिथे ओळ तुटत नाही अशा) आणि अरुंद जागांच्या साध्या जागा. व्हॉट्सॲपच्या फाइलीत वेळ आणि एएम-पीएम यांच्यामध्ये अशी अरुंद जागा, २०२एफ, येते आणि ती डोळ्यांना कळत नाही. आयफोनवरून काढलेल्या फाइलीत दिशा सांगणारं अदृश्य चिन्ह, २००ई, असतं, ते काढून टाका. पण सरसकट सगळी अदृश्य चिन्हं उडवायच्या मोहात पडू नका. जोडक आधीच उडवला तर ‘दुसऱ्या’चा ‘दुसर्या’ होतो, य वर रफार बसतो आणि शब्द कायमचा हातचा जातो.

मग मेसेज वेगळे करा. तारखेने सुरू होणारी ओळ म्हणजे नवा मेसेज; तारीख नसेल तर ती आधीच्याच मेसेजची पुढची ओळ, ती मागच्याला चिकटवा. तारखेचा साचा फोनच्या सेटिंगनुसार बदलतो, आयफोनवर ती चौकोनी कंसात येते. आपल्या पन्नास ओळींत काय आहे ते बघून लिहा, जगातल्या सगळ्या फोनांसाठी लिहू नका.

पातळी उचलताना आधी ‘इशारा पातळी’ आणि ‘धोका पातळी’ यांच्यापुढचा आकडा खोडा, आणि मगच ‘फूट’ किंवा ‘फुट’च्या अलीकडचा आकडा घ्या. जे मेसेज साच्यात बसत नाहीत ते टाकून देऊ नका, ‘उरलेले’ नावाच्या वेगळ्या फाइलीत लिहा. माझे ‘साडेअडतीस’वाले काका तिथे सापडले. त्यांच्यासाठी कोड लिहायच्या फंदात मी पडलो नाही, त्यांचे मेसेज हाताने भरले.

शेवटी अशक्य गोष्टींची चौकशी लावा. तासाभरात पातळी पाच फुटांनी बदलली तर ती ओळ पुन्हा बघायची. ग्रुपवर कोयनेचा साठाही येत असतो. धरणाची क्षमता १०५.२५ टीएमसी आहे, त्याहून मोठा आकडा आला तर तो साठा नव्हे, दुसरंच काहीतरी उचललंय. माझ्याकडे एकदा साठा ४५००० आला होता. तो विसर्ग होता, क्युसेकमधला.

स्क्रिप्टच्या डोक्यावर मराठीत पाच-सात ओळींची टीप लिहा: फाइल कुठून काढली, कुठली कमांड चालवायची, उत्तर कुठल्या फाइलीत पडतं. बदलत्या गोष्टींची नावंही पातळी, वेळ, साठा अशी ठेवा. पायथन ३ ला देवनागरी नावं चालतात, पण कीबोर्ड सारखा बदलावा लागतो म्हणून मी ती रोमन लिपीत लिहितो. आणि ग्रुपमध्ये लोकांची नावं आणि नंबर असतात, तेव्हा ही मूळ फाइल ऑनलाइन कुठेही चिकटवू नका. मदत मागायची झाली तर नावं बदललेल्या चार ओळी पुरतात.

सगळं झाल्यावर मूळ फाइल, स्क्रिप्ट आणि तक्ता पेनड्राइव्हवर घ्या. आमचा तो देवघराच्या माळ्यावर असतो, वरच्या मजल्यावर.